अंगणात कुत्र्यासाठी आर्टिफिशियल टर्फ: ठाणे-नवी मुंबईवाले नेहमी विचारतात ते प्रश्न

अंगण, टेरेस, बाल्कनी यांची कामं करतो, ठाण्यात जास्त आणि खाडीपलीकडे ऐरोली-वाशी-नेरुळ-खारघरलाही. कुत्र्यासाठी टर्फ (म्हणजे प्लास्टिकचं गवत) टाकायचंय म्हणून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "स्क्वेअर फूट काय रेट?" रेट सांगता येतो हो, पण तो फक्त वरच्या हिरव्या थराचा, आणि घरात कुत्रा असेल तर खरा खेळ त्या थराच्या खाली असतो. फोनवर तेच तेच बोलून घसा बसतो म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतोय. सगळं वाचायचं नसेल तर नका वाचू, पण निचरा आणि वास हे दोन भाग सोडू नका.

खरं गवतच लावलं तर नाही का चालणार?

चालत असेल तर तेच लावा, मी स्वतः तेच सांगतो. अंगण मोठं आहे, रोज पाच-सहा तास थेट ऊन येतं, कुत्रा एकच आणि शांत स्वभावाचा आहे, तर हरळीच्या जातीचं लॉन मस्त होतं. त्याच्याखालची माती आणि मातीतले जिवाणू शू मधला नायट्रोजन पचवतात, जे प्लास्टिकला कधीच जमणार नाही. अडचण अशी की आपल्याकडे अंगण म्हणजे बऱ्याचदा दोन भिंतींमधली पट्टी, वरून शेजारच्या टॉवरची सावली, आणि सावलीत लॉन विरळ होतं, मग कुत्रा धावून धावून उरलेलंही उखडतो आणि जूनमध्ये नुसता चिखल. वर शू चे पिवळे गोल डाग असतातच, कारण एकाच जागी युरिया जास्त झाला की गवत जळतं. चिखलाचे पाय सोफ्यावर यायला लागले की लोक आम्हाला फोन करतात.

एक मधला मार्गही आहे, जो मला तरी सगळ्यात जास्त पटतो: पूर्ण अंगणाला टर्फ न घालता शी-शूचा एक कोपरा नीट बेस करून टर्फचा करायचा आणि बाकी फरशी, झाडं, थोडी माती राहू द्यायची. खर्च कमी, धुणं कमी, आणि कुत्र्याला लोळायला माती मिळते.

४० एमएम, ५० एमएम, कोणतं घेऊ? दुकानदार म्हणतो जितकं उंच तितकं भारी.

दिसायला भारी, कुत्र्यासाठी नाही. उंच पात्यांत शी अडकते, केस अडकतात, आणि धुताना पाणी खालपर्यंत जायला वेळ लागतो. २५ ते ३५ एमएमच्या मधलं, दाट विणीचं घ्या. पाती पॉलिएथिलीनची बघा, हाताला मऊ लागतात आणि पायाखाली दबली तरी बऱ्यापैकी उठतात.

मेन गोष्ट पाठीची. टर्फ उलटं करून बघा. स्वस्तातल्या मालाला काळ्या लॅटेक्सचा लेप असतो आणि त्यात ठरावीक अंतरावर भोकं पाडलेली असतात, म्हणजे शू जिथे पडली तिथून भोकापर्यंत वाहत जाणार आणि वाटेत लॅटेक्समध्ये मुरणार. पीयूची (पॉलियुरेथेनची) पाठ महाग पडते पण ती इतकी शोषत नाही. सगळ्यात चांगली ती पाठ जिच्यातून पाणी सगळीकडून पाझरतं. ती मिळाली आणि बजेटमध्ये बसली तर डोळे झाकून घ्या.

दुकानात विश्वास ठेवू नका, फूटभर सॅम्पल मागा. घरी बादलीवर धरा आणि त्यावर मगभर पाणी हळूहळू ओता. पाणी लगेच खाली पडलं पाहिजे, वर तळं साचून कडेने ओघळलं तर तो माल कुत्र्यासाठी बाद. मग चिमटीत चार पाती धरून जोरात ओढा, हातात आली तर तुमच्या लॅबच्या (लॅब्राडोरच्या) तोंडात किती येतील विचार करा. शेवटी तेच सॅम्पल दुपारी एक वाजता गच्चीवर ठेवून अर्ध्या तासाने हात लावा आणि वास घ्या, रबराचा किंवा केमिकलचा उग्र दर्प आला तर परत करा. रंगात शिसं नसल्याचा टेस्ट रिपोर्टही मागा, पूर्वी काही टर्फच्या रंगद्रव्यात शिसं सापडलेलं आहे आणि कुत्रं चाटतं, चावतं. जो विक्रेता रिपोर्टच्या नावाने विषय बदलतो त्याच्याकडून मी घेत नाही.

अंगणात आधीच पेव्हर ब्लॉक आहेत, त्यावरच अंथरलं तर? भाऊ म्हणतो एका दिवसात होतं.

एका दिवसात होतं हे खरंय. नेरुळच्या एका रो हाऊसमध्ये असंच कोणीतरी अंथरून गेलं होतं, आम्हाला बोलावलं ते वासासाठी. कोपरा उचलला तर खालची वाळू काळी पडून गोळा झालेली, पेव्हरच्या सांध्यांत चिकट थर बसलेला, आणि अमोनियाचा असा भपका आला की ताईंनी स्वतःच नाकाला ओढणी लावली. कुत्र्याचा काही दोष नव्हता, शू ला जायला वाटच ठेवली नव्हती.

पेव्हर, शहाबादी किंवा कोबा असेल तर तोडायलाच पाहिजे असं नाही. आधी उतार तपासा: बादलीभर पाणी ओता, ते कुठे जातं आणि कुठे थांबतं ते खडूने आखून घ्या. थांबणाऱ्या जागा सिमेंटने भरून उतार काढून घ्या, मग प्लास्टिकचे ड्रेनेज सेल टाका, तेच जे टेरेस गार्डनसाठी मिळतात, आणि त्यावर टर्फ. सेलमुळे खाली इंचभर पोकळी राहते, तिच्यातून पाणी वाहतं आणि पाइप लावून खालची फरशीही धुता येते. अशा ठिकाणी टर्फ चिकटवायचं नाही, कडेने पकडवायचं, म्हणजे सहा महिन्यांनी उचलून साफ करता येईल.

मातीचं अंगण आहे. खाली नक्की काय काय करावं लागतं?

हा मोठा प्रश्न आहे आणि उत्तर तुम्ही कुठे राहता त्यावर आहे.

येऊरच्या पायथ्याला, मानपाडा-कोलशेतच्या वरच्या अंगाला मुरूम लागतो, पाणी बऱ्यापैकी मुरतं. वाशी, सानपाडा, कोपरखैरणे या बाजूला वर भराव आणि खाली खाजणाची चिकणमाती, तिथे पाणी मुरत नाही, पावसाळ्यात तर उलट खालून वर येतं. नवी मुंबईचा काही भाग भरतीच्या पातळीच्याही खाली आहे म्हणून तर सिडकोने होल्डिंग पाँड (पावसाचं पाणी साठवून धरायचे तलाव) बांधले, आणि मोठी भरती आणि मोठा पाऊस एकत्र आला की गटारातलं पाणीही हळू सरकतं. अशा जागी खोल खणून बेस करणं म्हणजे स्वतः हौद बांधणं. तिथे खणणं कमी, उंची वाढवणं जास्त. फक्त उंची वाढवताना घराच्या उंबऱ्याकडे लक्ष ठेवा, टर्फची फिनिश लेव्हल उंबऱ्याच्या चांगली सहा इंच खाली राहिली पाहिजे, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसाला पाणी हॉलमध्ये.

साधारण क्रम असा. वरची मऊ माती, मुळं, जुनं गवत काढायचं. तळाला उतार घराकडून बाहेर, दर दहा फुटाला सव्वा ते दीड इंच. धुम्मस किंवा प्लेट कॉम्पॅक्टर मारून जमीन दाबायची. मग जिओटेक्स्टाइल, म्हणजे ते फेल्टसारखं पांढरं किंवा काळं कापड, जेणेकरून माती खडीत मिसळत नाही. त्यावर तीन-चार इंच वीस एमएम खडी, दाबून, मग इंचभर बारीक सहा एमएमची. सगळ्यात खालच्या बाजूला, जिथे उतार संपतो, तिथे भोकं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाइप कापडात गुंडाळून टाकायचा आणि तो चेंबरला जोडायचा.

इथे एक भांडण नेहमी होतं. मिस्त्री सवयीने वरच्या थराला स्टोन डस्ट टाकतात, कारण डस्ट फळीने ओढली की टेबलासारखी सपाट बसते आणि काम सुबक दिसतं. नुसत्या शोभेच्या टर्फला ठीक आहे. कुत्र्याच्या टर्फला नको, डस्ट दाबली आणि भिजली की जवळपास घट्ट थर होतो, शू त्यावर बसून राहते. धुतलेली खडीच टाका, थोडी कमी सपाट दिसली तरी चालेल.

मटेरियलचा हिशोब करून ठेवा म्हणजे फसणार नाही. २०० स्क्वेअर फूट अंगण आणि चार इंच खडी म्हणजे साधारण ६७ घनफूट, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासच्या आसपास. दाबल्यावर बसते म्हणून थोडी जास्त मागवा. कोणी २०० फुटाला तीन ब्रास लावले असतील तर विचारा कुठे गेली.

पावसाळ्यात हे सगळं वाहून जाणार नाही ना?

आपल्याकडे जून ते सप्टेंबरात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, परदेशी व्हिडिओ बघून जे लोक बेस करतात त्यांना हा आकडा माहीत नसतो. २०० स्क्वेअर फुटांवर एका दिवसात १०० मिलिमीटर पडला तर ते साडेअठराशे लिटर पाणी झालं, आणि हे फक्त आभाळातून सरळ पडलेलं. गच्चीचा डाउनटेक पाइप अंगणात सोडलेला असेल तर सगळ्या स्लॅबचं पाणी त्याच कोपऱ्यात कोसळणार आणि टर्फखालची खडी खणून काढणार. त्यामुळे काम सुरू करायच्या आधी तो पाइप चेंबरपर्यंत न्या, टर्फ नंतर.

रेन वॉटर हार्वेस्टिंगचा खड्डा असेल तर कुत्र्याच्या टर्फचं पाणी त्यात सोडू नका. बोअरवेलला रिचार्ज होणार असेल तर अजिबातच नाही.

भिंतीच्या सावलीत पावसाळ्यात शेवाळ धरतं, प्लास्टिकवरही धरतं. ब्रशने घासलं की जातं. आणि पाणी साचलेलं दिसलं तर ते फक्त टर्फचं दुखणं समजू नका, उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, कुत्र्याला होतो आणि माणसालाही होतो. पावसाळ्याआधी लेप्टोची लस झाली आहे का ते व्हेटला विचारून घ्या, आणि अनवाणी पायाने साचलेल्या पाण्यात उभं राहून टर्फ धुवू नका.

खरं सांगा, वास येतो का?

येतो. जो म्हणतो येत नाही त्याने एकतर कुत्रा पाळलेला नाही किंवा त्याला टर्फ विकायचंय.

निरोगी कुत्रा दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण २० ते ४० मिली शू करतो. ३० किलोचा लॅब असेल तर अर्ध्या लिटरपासून लिटरभर, रोज. फिरायला नेलं तर यातली बरीच बाहेर होते, नाही नेलं तर महिन्याला पंचवीस-तीस लिटर तुमच्या अंगणात. शू मध्ये युरिया असतो, जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आणि दमट गरम हवेत हे फटाफट होतं. म्हणून वास मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये सगळ्यात वाईट, भर पावसात सगळ्यात कमी, कारण वरून आपोआप धुतलं जातं. पावसाळा संपल्यावर पंधरा दिवसांनी "अचानक" वास सुरू झाला म्हणून फोन येतात, अचानक काही नसतं, फुकटचं धुणं बंद झालेलं असतं.

रोज शूच्या जागेवर पाइपने किंवा बादलीने भरपूर पाणी, शिंपडून नाही, ओतून, कारण शिंपडलेलं पाणी अमोनियाला फक्त ओलं करतं. आठवड्यातून एकदा एन्झाइम क्लीनर, हा पेट शॉपमध्ये मिळतो, तो संध्याकाळी टाकून रात्रभर ओला राहू द्या, भर उन्हात टाकला तर काम करायच्या आधीच सुकतो. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा. पाण्याची टंचाई असेल त्या दिवसांत आरओचं फेकायचं पाणी साठवून वापरा, चालतं. शी लगेच उचला, पातळ असेल तर आधी पाणी ओतू नका, ती आत जाते, कागदाने किंवा भुशाने टिपून घ्या आणि मग धुवा.

वाळू टाकायचीच का? आणि झिओलाइट काय प्रकार आहे?

पात्यांच्या मुळाशी टाकतात त्याला इनफिल म्हणतात, त्याने पाती उभी राहतात आणि टर्फ वजनाने खाली बसतं. साधी धुतलेली सिलिका सँड चालते पण ती वासाचं काही करत नाही. खाडीची रेती कोणी फुकट दिली तरी नको, मीठ आणि शिंपले. काळे रबराचे दाणे फुटबॉलच्या टर्फवर असतात ते कुत्र्याच्या अंगणात बिलकुल नको, तापतात, केसात अडकतात, पोटात जातात. युरोपियन युनियनने तर २०२३ मध्ये असल्या प्लास्टिक-रबराच्या दाण्यांच्या विक्रीवर बंदीचा नियम काढलाय, टर्फच्या इनफिलला २०३१ पर्यंत मुदत आहे.

झिओलाइट हा ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला सच्छिद्र दगड, तो अमोनियम धरून ठेवतो. कोळंबीच्या तळ्यांत पाण्यातला अमोनिया कमी करायला हाच टाकतात, त्यामुळे मत्स्यपालनाचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो, पेट शॉपच्या फॅन्सी डब्यापेक्षा स्वस्त. फक्त पावडर नको, दाणे घ्या. हे कायमचं औषध नाही, त्याची धरायची ताकद भरते. मिठाच्या पाण्याने भिजवून ठेवलं की सोडियम आत जातो आणि अमोनियम सुटतो, मग भरपूर साध्या पाण्याने धुवायचं. झाडांच्या मुळाशी ते पाणी जाऊ देऊ नका.

फिनेलने धुतलं तर? आमची मावशी रोज फिनेलच टाकते.

मावशींना थांबवा. फिनोल असलेलं फिनेल कुत्र्यांना विषारी आहे, कुत्रा त्यावर चालतो आणि मग पंजे चाटतो. ब्लीच तर अजिबात नको, शू मधल्या अमोनियाशी त्याची रिअॅक्शन होऊन क्लोरामाइन वायू होतो, तो छातीला लागतो, तुमच्याही आणि कुत्र्याच्याही. टॉयलेट साफ करायचं अॅसिड पाठीचा लेप खाऊन टाकतं. पांढरं व्हिनेगर एकाला चार पाणी, हे चालतं, कधीमधी.

उन्हात तापतं म्हणतात, किती?

खूप. हवा ३५ अंश असताना थेट उन्हातलं टर्फ ६० च्या पुढे जातं. मार्च-एप्रिलमध्ये ठाण्यात पारा ४० ला टेकला की काय होत असेल बघा. पाणी मारलं की थंड होतं पण ते वीस मिनिटं-अर्धा तास, मग परत तेच. हाताची मागची बाजू टर्फवर ठेवा, सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याला सोडू नका. पग आणि बुलडॉगला दुपारी बाहेर ठेवूच नका, टर्फ असो की नसो. हस्कीवाल्यांना काय सांगणार, त्यांना माहीतच असतं.

उपाय एकच, सावली. ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट किंवा एखादं झाड. "थंड राहणारं टर्फ" म्हणून जो माल विकतात तो काही अंशांनी कमी तापतो, सावलीची जागा घेत नाही. आणि घोडबंदर रोडला काचेचे टॉवर झालेत तिथे एक वेगळंच बघायला मिळतं, समोरच्या काचेवरून परावर्तित झालेलं ऊन एका पट्ट्यात पडतं आणि तेवढंच टर्फ वितळल्यासारखं होतं. दुपारी अंगणात असा झगझगीत पट्टा फिरत असेल तर तिथे कुंड्या ठेवा.

आमचा कुत्रा सगळं खणतो आणि चावतो. टिकेल का?

मधून कोणी खणत नाही, कडेने उचकटतात. त्यामुळे कड मजबूत करा: चारी बाजूला कडप्पाची किंवा सिमेंटची पट्टी आणि टर्फ तिच्याखाली दाबलेलं. नुसते खिळे ठोकून जाणारे कारागीर असतात, खिळा वर आला की पंजात जातो, आणि आपल्या खाऱ्या हवेत गंजतोही. सांधा शक्यतो शूच्या कोपऱ्यात येऊ देऊ नका.

दात येणारं पिल्लू असेल तर सहा-आठ महिने थांबा, घाई काय आहे. पाती गिळली तर आतडं तुंबू शकतं आणि मग ऑपरेशन. गवत खायची सवय असलेल्या कुत्र्याला एका कुंडीत हरळी किंवा गहू पेरून द्या, तो तिकडे जातो.

घुशी खालून पोखरतात का?

पोखरतात, आणि हा प्रश्न कोणी विचारत नाही तेव्हा मी स्वतः सांगतो. मऊ खडीचा बेस, वर छप्पर, शेजारी कुत्र्याच्या जेवणाचं भांडं, घुशीला आणखी काय पाहिजे. महिनाभरात एका बाजूला खड्डा पडतो. कडेने फूटभर खोल वेल्ड मेशची जाळी उभी पुरा, आणि जेवणाचं भांडं रात्री आत घ्या. घुशी आल्या की मागून साप येतात, येऊरच्या बाजूला तर हमखास. (तिकडच्या लोकांना एक फुकटचा सल्ला, रात्री कुत्रा अंगणात बांधू नका, बिबट्याला तुमचं टर्फ कितीचं आहे त्याच्याशी देणंघेणं नसतं.)

टर्फ टाकल्यावर गोचीड कमी होतील ना?

नाही. आपल्या कुत्र्यांवर जी तपकिरी गोचीड असते ती भिंतीच्या भेगांत, फरशीच्या सांध्यांत अंडी घालते, तिला गवताची गरजच नाही. कडेच्या फटी बुजवा आणि व्हेटने दिलेली गोळी किंवा स्पॉट-ऑन (कातडीवर टाकायचे थेंब) वेळेवर द्या.

तो टर्फवर करेल का शू? फरशीची सवय आहे.

लगेच नाही करणार. पहिले काही दिवस सकाळी उठल्या उठल्या आणि जेवण झाल्यावर पट्ट्याला धरून त्याच कोपऱ्यात न्या, आधीची शू टिपलेला पेपर तिथे ठेवा, केली की लगेच खाऊ. नर कुत्र्याला पाय वर करायला काहीतरी लागतं, एक छोटा खांब किंवा दगड ठेवा, नाहीतर तो तुमची तुळस निवडेल. तुळशी वृंदावन अंगणात असेल तर टर्फ त्याच्यापासून दोन-तीन फूट लांब ठेवा आणि मध्ये कठडा करा, आजी घरात असतील तर हे काम सगळ्यात आधी.

फ्लॅटच्या टेरेसवर किंवा बाल्कनीत होतं का?

होतं, पण खिळा नाही, स्क्रू नाही, ग्लू नाही. खाली ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वॉटरप्रूफिंग आहे, एक भोक पडलं की खालच्या मजल्याच्या छताला ओल आणि मग सोसायटीची मीटिंग. ड्रेनेज सेलवर सुटे तुकडे, पाणी जायच्या जाळीवर जास्त जागा मोकळी. बाल्कनीचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातंय का, ते आधी साधं पाणी ओतून बघा. कुत्र्याशी भांडण नसतं लोकांचं, या पाण्याशी असतं.

सोसायटी नाही म्हणाली तर?

दोन वेगळे विषय आहेत. कुत्रा पाळायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, अॅनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट केलंय. पण तळमजल्याच्या फ्लॅटबाहेरचं अंगण बऱ्याचदा सोसायटीच्याच मालकीचं असतं, तुम्हाला फक्त वापर दिलेला असतो, तिथे खणायला लेखी परवानगी घ्या. रो हाऊसला हा ताप कमी, तरी चेंबरची झाकणं टर्फखाली गाडू नका, चोकअप झालं की कापावं लागतं. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरियांनी घरं सामाईक चौकांभोवती रचलीत, तिथे स्वतःचं अंगण कुठे संपतं आणि चौक कुठे सुरू होतो ते शेजाऱ्यांसोबत उभं राहून ठरवा आणि मग दोरी मारा.

मग रेट काय?

एकच आकडा मागू नका, पाच ओळी मागा: खणणं आणि राडा उचलणं, खडी आणि कापड, ड्रेनेज पाइप, टर्फ, लावायची मजुरी. जिथे पहिल्या तीन ओळी नाहीतच आणि टोटल मस्त कमी आहे, ते कोटेशन बाजूला ठेवा. पैसे कमी असतील तर टर्फ थोडं हलकं घ्या, बेस हलका करू नका. टर्फ नंतर बदलता येतं.

वेस्टेज बघा. रोल बहुतेक साडेसहा फूट रुंद येतो. तुमचं अंगण १० बाय २० असेल तर लांबीने दोन पट्टे लावले की २६० स्क्वेअर फूट माल विकत घ्यावा लागतो, ६० फूट वाया. तेच आडवे १० फुटाचे तीन तुकडे लावले तर साडेएकोणीस फूट झाकलं जातं, १९५ फुटात काम, आणि उरलेल्या सहा इंचात कडप्पाची पट्टी किंवा गोटे, जी कड तशीही लागणारच होती. सांधा एकाऐवजी दोन होतात हा तोटा, पण हे दोन्ही पर्याय तुमच्यासमोर कागदावर काढले पाहिजेत.

काम कधी करावं?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पावसात ग्लू धरत नाही आणि दाबलेली जमीन फुगलेली असते. मे महिन्यात घाईघाईने करून घेतलेला बेस पहिल्याच पावसात बसतो.

सणावाराला काय काळजी घ्यायची?

फुलबाजीची ठिणगी पडली की भोक, भुईनळा लावला तर काळं वर्तुळ, ते कशाने जात नाही. रांगोळी ओट्यावर काढा. होळीचे पक्के रंग पात्यांना धरतात, त्या दिवशी ताडपत्री टाका. गणपतीत मांडवाचे बांबू टर्फवर रोवू देऊ नका, डेकोरेटर ऐकत नाहीत, उभे राहून बघा.

किती वर्षं टिकतं, आणि नंतर त्याचं काय?

वॉरंटी आठ-दहा वर्षांची सांगतात, ती नीट वाचा, बहुतेक वेळा ती रंग उडण्याची असते, वासाची किंवा पाठ सुटण्याची नसते. शूचा कोपरा बाकीच्या आधी जाणार हे गृहीत धरा आणि तेवढा तुकडा सुरुवातीपासून वेगळा ठेवा, त्याच लॉटमधलं थोडं टर्फ गुंडाळून माळ्यावर टाका, म्हणजे पुढे फक्त तो बदलता येतो आणि रंगही जुळतो. काढलेलं टर्फ रिसायकल होणं कठीण, कारण दोन-तीन प्रकारचं प्लास्टिक, लेप आणि वाळू एकमेकांत अडकलेले असतात. जाळू मात्र अजिबात नका, नाल्यातही टाकू नका. चांगले तुकडे धुवून पायपुसणी करा किंवा कुंड्यांखाली घाला, आणि उरलेलं नेऊन टाकायची जबाबदारी नवीन काम देतानाच कोटेशनमध्ये लिहून घ्या, नंतर कोणी फोन उचलत नाही.